लेकीच्या वाट्याचा टाकळा

सिस्टरची आठवण झाली की मला आधी राग येतो, मग हसू येतं, आणि मग परत राग येतो. हा दुसरा राग तिच्यावरचा नाही. तो कुणावरचा आहे, तेच सांगायला बसले आहे. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायची. पण मनातल्या मनात, आणि आता लिहितानाही, ती 'ती'च. एवढा राग अहो-जाहो करून काढता येत नाही.

मी तेव्हा शहापूरला पंचायत समितीत नोकरीला होते आणि वाशिंदला सिस्टरच्या घरातली मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. बाई उंच, काळीसावळी, आवाज असा की रस्त्यावरून जाणारा माणूस उगाचच पायातल्या चपला सरळ करायचा. आटगावपासून वाशिंदपर्यंत तिशी-पस्तिशीतलं कुणीही भेटलं की ती त्याच्याकडे निरखून बघायची आणि म्हणायची, "तू पायाळू आला होतास. तुझ्या आईला लई तरास दिलास तू." समोरचा माणूस बायको-पोरांसकट उभा असायचा. त्याची काय अवस्था होत असेल!

भाडं ठरवताना बोलणं झालं होतं की फ्रीज मला वापरायला मिळेल. झालं होतं, हं. मी राहायला आले आषाढात, आणि पहिल्याच रविवारी हौसेने आइस्क्रीमचा मोठा डबा आणून फ्रीजरमध्ये ठेवला. संध्याकाळी बघते तर डबा ओट्यावर, आत नुसतं गुलाबी दूध.

"अहो सिस्टर, हे काय?"

"जागा नव्हती गो. टाकळा आला."

"माझं आइस्क्रीम होतं ते!"

"आइस्क्रीम दुकानात बाराय महिने मिळतं. टाकळा मिळतो का? सांग. मिळतो का?"

कपाळ माझं! आषाढात डोंगराकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला यायच्या. टाकळा, कुरडू, भारंगी, असला कोवळा रानपाला. तो महिना-दीड महिना मिळतो, मग पानं जून होतात आणि संपतं सगळं. सिस्टरला हे मान्यच नव्हतं. 'संपलं' हा शब्द ऐकला की ती चिडायची. पेशंटबद्दल बोलतोय असं तिला वाटत असावं. म्हणून ती पाटीच्या पाटी उचलायची आणि दोन दिवस आमच्या घराचा दवाखाना व्हायचा.

आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. तिने, आणि तिथे जो कुणी सापडेल त्याने. मग पानं खुडून, पाणी बदलत बदलत धुवायची. तळाशी मातीचा कण दिसला की पुन्हा पहिल्यापासून. चुलीवर मोठं पातेलं खळखळत असायचं आणि शेजारी परातीत बर्फाचं पाणी. पाला पांढऱ्या फडक्यात सैल बांधून उकळत्या पाण्यात सोडायचा, बाहेर काढला की लगेच बर्फात. गार झाला की मुठीने पिळून, चपटा करून पिशवीत भरायचा. पिशवीचं तोंड जवळजवळ बंद करून, उरलेल्या फटीत सलाईनची कोरी नळी घालून बाई आतली हवा स्वतः ओढून घ्यायची. गाल आत गेलेले, डोळे वटारलेले. त्या वेळी तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती.

आणि पाला पाण्यात किती वेळ ठेवायचा? घरात दोन घड्याळं होती, माझ्या हातात मोबाइल होता. पण नाही. बाई डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं टेकवायची आणि स्वतःची नाडी मोजायची. टाकळ्याला इतके ठोके, माठाला इतके, शेवग्याच्या पाल्याला त्याहून कमी. ठोके भरले की फडकं वर.

"अहो, घड्याळ लावा ना," मी एकदा म्हटलं.

"घड्याळाचा सेल संपतो. माझा अजून संपला नाय," ती म्हणाली. "कमी शिजवलं तर भाजी आत जिती राहते नि आतल्या आत सडते. जास्त शिजवलं तर इथंच मेली. बरोबर मधी थांबायचं. समजलं का मॅडम?"

'मॅडम' म्हटलं की समजायचं, आपल्याला मूर्ख म्हटलं आहे.

वाशिंदला पावसाळ्यात लाइट जाते हे काही नवीन नाही. लाइट गेली रे गेली की बाई खुर्ची ओढून फ्रीजसमोर बसायची. कुणी दार उघडायचं नाही. मी घामाघूम होऊन ऑफिसातून आलेली, घशाला कोरड, गार पाण्याची बाटली त्या दाराआड. "माठातलं पी," बाई म्हणायची. "आत अपुऱ्या दिवसांचं पोर हाय असं समज." मी पाय आपटत माठाकडे जायची. भाडं मी भरायची, आणि राखण टाकळ्याची!

त्या फ्रीजरच्या उजव्या बाजूचे पुडे प्रज्ञाचे. दर वर्षी, दर भाजीतला पहिला कोवळा खुडा तिचा. "तिचा वाटा हाय. हात लावायचा नाय." प्रज्ञाला टाकळा जीव की प्राण. लहानपणी दसऱ्यालाही टाकळा दे म्हणून रडायची, आणि त्या रडण्यातूनच हा सगळा कारभार सुरू झाला, असं सिस्टर सांगायची. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली यायचा. मग लगेच कुणावर तरी खेकसायची.

प्रज्ञाने मुरबाडच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. वाशिंदच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात दोघं लग्नापर्यंत कामाला होती. मुलगा सरळ, जरा गरीब गाय. सिस्टरचं घर बौद्ध, तिच्या आजोबांनी दीक्षा घेतलेली. मुलाचं घर तसं नव्हतं. सिस्टरने साक्षीदार म्हणून ताठ मानेने सही केली. मुलाच्या घरून कुणी आलं नाही, पण पुढे महिन्याभरात त्यांनी दोघांना घरात घेतलं. मग काय, आमच्या आळीत जो तो म्हणायला लागला, "बघा, आता कुठे राहिलंय तसलं काही!" हे वाक्य ऐकलं की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते. ज्याच्या ताटाला कधी कुणी नाक मुरडलं नाही, तोच हे वाक्य बोलतो.

त्याच हिवाळ्यात सिस्टर लेकीच्या घरी पहिल्यांदा गेली. दवाखान्यातून भंगारात निघालेली लसीची निळी पेटी तिच्याकडे होती. तिच्यात चारी बाजूंनी बर्फ आणि मधे टाकळ्याचे पुडे. "पौषात टाकळा खाल्लाय का कुणी मुरबाडात? बघतील आता," म्हणाली. नवी साडी, केसात फूल. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडची एसटी पकडून गेली. संध्याकाळी परत आली, पेटी धुऊन पालथी घातली.

"काय म्हणाली प्रज्ञा? आवडली भाजी?"

"दिली," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने मागच्या वाफ्यातला माठाचा पाला काढला आणि नेहमीसारखा फ्रीजरला लावला. काही दिवसांनी एक पुडा सोडला तर पाला काळाठिक्कर, वास असा की नाक धरावं. दुसरा सोडला, तोही तसाच. सगळीच्या सगळी खेप गेली. इतक्या वर्षांत हिच्या हातून एक पान नासलं नव्हतं! बाई त्या काळ्या गोळ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "फ्रीज बिघडला असेल." तिने मान हलवली.

"फ्रीज बरा हाय. नाडी पळत होती माझी," ती म्हणाली. "ठोके लवकर भरले. भाजी कच्ची राहिली."

आठ दिवस झाले तरी बाईची नाडी पळत होती! आता मात्र मी गप्प बसणार नव्हते. मी प्रज्ञाला फोन लावला आणि खोदून खोदून विचारलं. ती आधी रडली, मग बोलली. सिस्टरने पेटी उघडून पुडे सासूच्या हातात दिले होते. सासूने हसून घेतले. "फ्रीजमधलं आमी नाय खात हो, शिळं असतं," म्हणाली, आणि अंगणात जाऊन सिस्टरच्या देखत ते म्हशीच्या पुढ्यात टाकले. चहा दिला तोही कागदी कपात. घरच्या सगळ्यांना बशी-कप, आणि हिला कागदी.

"आणि तू काय केलंस?"

"मी काय बोलणार ताई? खाली मान घालून उभी होते."

मला असा संताप आला! सासूचा आला, तिचाही आला. ज्या बाईने तालुक्यातल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं केली, आई वाचू दे म्हणून कुणाकुणाच्या नातेवाइकांनी जिचे पाय धरले, तिच्या हातची भाजी म्हशीपुढे? आणि पोटची पोर खाली मान घालून उभी!

सिस्टरने मुरबाडचं नाव टाकलं. लेकीचा फोन घेईना. "तिनं तोंड उघडावं, मग मी दार उघडीन," एवढंच बोलायची. आणि पुढच्या आषाढात पाट्या आल्या तेव्हा पहिला कोवळा खुडा पुन्हा उजव्या बाजूला! मी म्हटलं, आता हद्द झाली. बोलायचं नाही, भेटायचं नाही, आणि भाजी तेवढी साठवायची?

"वाटा हाय तिचा," बाई म्हणाली. "रागाचा नि वाट्याचा काय संबंध?"

त्यातच कळलं, प्रज्ञाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आणि माहेरी कोण, तर सिस्टर! पण बाई ढिम्म. गणपती गेले, नवरात्र आलं, सातवा लागला, तरी बोलावणं नाही. एक दिवस मी तिच्याशी कडाकडा भांडले. "जगाच्या लेकी सोडवल्यात आणि स्वतःच्या लेकीला दारात उभी करणार नाही? काय म्हणायचं तुम्हाला?"

तिने भाजी खुडता खुडता माझ्याकडे बघितलंही नाही. "बाळंतीण ओरडली तर मूल बाहेर येतं गो," म्हणाली. "मुकी बाळंतीण मी कधी सोडवली नाय."

मी रागारागाने फ्रीजर उघडला, उजव्या बाजूचे दोन पुडे काढले, निळ्या पेटीत बर्फ भरला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुरबाडला निघाले. बाईने बघितलं. अडवलं नाही.

सासू दारातच भेटली. नीटनेटकी, गोड बोलणारी बाई. मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याबरोबर चेहरा खुलला, पाट टाकला, आणि चहा आला तो बशी-कपातून. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दाराशी, पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. मी पुडे काढून तिच्या हातात दिले. ती ठेवायला म्हणून वळली, फ्रीजरचं दार उघडलं, आणि मला आत काय दिसलं? विकतच्या हिरव्या मटारचं भलंमोठं पाकीट.

"हे मटार काय आज सकाळी तोडलेत?" मी विचारलं.

सासू हसली. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "तुमी आपल्यातल्या, तुमाला काय सांगायचं? मटारचं तसं काय नसतं. पण त्यांच्या घरचं शिजवलेलं... आमच्याकडं देव हायत हो."

आता काय सांगू तुम्हाला! शिवी देत असती तर परवडलं असतं. ही बाई मला आपली समजून, मायेने, कानात सांगत होती. मी कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले. "मी तुमच्यातली नाही," मी म्हटलं. "आणि मटार ज्या कारखान्यात शिजवले, तिथे कढईशी कोण उभं होतं ते विचारून आलात का? सिस्टरच्या हातांनी तुमची सून वाढवली, तुमच्या सुनेच्या पोटात तुमचं नातवंड आहे, आणि त्या हातांची भाजी तेवढी तुमच्या देवाला बाटवते?"

सासूचं तोंड एवढंसं झालं. प्रज्ञा? ती तशीच उभी, हातात दोन गार पुडे, डोळ्यांतून पाणी. एक शब्द नाही. मी तणतणत निघाले. स्टँडवर पोचले, गाडीत बसले, तर खिडकीखाली प्रज्ञा. हातात कपड्यांची पिशवी. दमलेली, एक चप्पल हातात, कारण सुजलेल्या पायात शिरत नव्हती. वर चढली आणि शेजारी बसली.

वाशिंदला सिस्टरने दार उघडलं. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं. बोट दाबलं, खड्डा पडला. "मीठ बंद," म्हणाली. "आत हो. डाव्या कुशीवर झोप." बस्स. मायलेकींची भेट ती एवढीच.

आणि मग वळली माझ्यावर! मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवील. मुरबाडला काय झालं ते मी फुशारकीने सांगितलं तर बाई लाल झाली. "तू कशाला बोललीस? कोण तू? तुझं आडनाव ऐकून तुला बशी-कप मिळाला, नि तूच आमच्या वतीनं भांडलीस. माझ्या पोरीनं बोलायचं होतं ते. तू बोलून तिला आणखी मुकी केलीस." मीही ऐकून घेतलं नाही. मी बरोबरच केलं असं मी आजही म्हणते, आणि ती चूक म्हणायची. यावरून आम्ही दोघी चार दिवस एकमेकींशी बोललो नाही. त्या घरात मग तिघी बायका होत्या आणि आवाज फक्त फ्रीजचा.

दोन महिने बाईने लेकीची सेवा केली, पण बोलली फक्त कामाचं. "गोळी घेतलीस?" "उठ, चाल जरा." "ब्लडप्रेशर बघू." जेवायला रोज त्या राखून ठेवलेल्या पुड्यांतली भाजी. गोठलेला गोळा थेट लसणाच्या फोडणीत, वर झाकण, आणि तांदळाची भाकरी. प्रज्ञा मुकाट्याने खायची आणि आणखी मागायची. तेवढ्या वेळापुरती सिस्टरच्या कपाळावरची आठी जायची.

मार्गशीर्षात मुलगी झाली. सुटका सुखरूप झाली. बाई रिटायर झालेली असूनही दवाखान्यात आत शिरून उभी होती, तिला बाहेर काढायची कुणाची हिंमत? बारशाच्या आधी एका सकाळी जावई आपल्या आईला घेऊन बाळ बघायला आला. सासूने झबली आणली होती, चांदीचे वाळे आणले होते. डोळ्यांत खरंच पाणी होतं तिच्या. मला पाहून जरा चपापली, पण हसली.

सिस्टर म्हणाली, "या, आधी मागं या." आणि तिला हाताला धरून मागच्या वाफ्याशी घेऊन गेली. तिच्या देखत मेथी उपटली, तिच्या देखत धुतली, तिच्या देखत चिरून फोडणीला टाकली. दव अजून पानांवर होतं. गरम भाकरी, मेथी, कांदा. दोन ताटं वाढली, एक जावयापुढे, एक विहिणीपुढे.

"ही फ्रीजमधली नाय," सिस्टर म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत काढलीय. शिळी नाय. बसा."

जावई बसला आणि भुकेल्यासारखा खायला लागला. सासूने ताटाकडे बघितलं. हात पुढे आला नाही.

"आज माझा उपास हाय," ती म्हणाली.

"कसला?"

"हाय एक."

"अगं आई," जावई तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "आत्ता शहापूरच्या स्टँडवर दोन वडे खाल्लेस की तू..." आणि त्याच्या लक्षात आलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी ओठ घट्ट मिटले. सासूकडे तर तिचं लक्षही नव्हतं. ती बाजेवर बसलेल्या लेकीकडे बघत होती.

सासूने ताट हळूच बाजूला सारलं, पदर सावरला आणि बाजेपाशी जाऊन दोन्ही हात पसरले. "दे गो, दे माझी नात. घेऊ दे जरा."

प्रज्ञाने मुलीला छातीशी ओढलं. मान वर होती.

"या घरची भाजी खाऊन मला दूध आलंय, आई. तेच ही पिते," ती म्हणाली. "भाजी चालत नाय, तर पोरगी कशी चालंल तुमाला?"